हवेचा ठिपका

तारीख ३, सोमवार

ही वही माझी नाही, तपासणीची आहे. प्रत्येक पानावर छापील रकाने: जोड क्रमांक, जागा, निकाल, शेरा. जुन्या वह्यांतली एक उरली होती, ती काकांनी माझ्याकडे टाकली. म्हणाले, "दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो तुझा. थोडं यात लिही, म्हणजे माझे कान वाचतील."

काका माझे नात्यातले कुणी नव्हेत. पाइपाला पाइप वेल्डिंगने जोडला की तो जोड आतून धड आहे का ते बघणं, हे त्यांचं काम. वेल्डर लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना नापासकाका म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली. मी जोड पुसतो, वर जेल फासतो, काका त्यावरून प्रोब, म्हणजे आत आवाज सोडणारा छोटा ठोकळा, फिरवतात आणि गळ्यातल्या छोट्या पडद्यावर रेघ हलते. आत कुठे हवा अडकलेली असली की आवाज तिथूनच उलटा फिरतो आणि रेघ उंच उडी मारते. उडी मारली की मी लाल खडूने खूण करायची, नाहीतर पिवळ्याने. झालं माझं शिक्षण. शाळेतलं सातवीत संपलं होतं.

लिहायचं खरं कारण दुसरंच आहे. शनिवारी तिकडे गावाकडच्या दवाखान्यात माझ्या बायकोच्या पोटात गर्भ सोडणार आहेत. तिसऱ्यांदा. आधीचे दोन टिकले नाहीत. गोठवून ठेवलेल्यातला हा शेवटचा, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की यानंतर तिच्या शरीराला पुन्हा हा त्रास द्यायचा नाही. मी इथे, दोन दिवसांच्या प्रवासावर. माझ्या वाटणीचं काम मी निघण्याआधीच एका नळीत देऊन आलो, त्यामुळे आता माझं कुणाचंच अडत नाही. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, तिच्यासोबत जाणार आहे. ताई म्हणाली, "बरं झालं तू इथे नाहीस. असतास तर बाईंच्या हातातली नळी घेऊन स्वतःच सोडायला निघाला असतास."

खोटं नाही ते. मागच्या दोन्ही वेळा मी घरात होतो आणि तिला वेड लावलं होतं.

तारीख ५, बुधवार

आज सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर मोजतात, ते सात मिलिमीटरच्या वर हवं असतं. तिचं आठ पूर्णांक दोन भरलं. मी फोनवर ओरडलोच. आमच्या आठ इंची पाइपाची भिंत बरोबर एवढी असते! तिला सांगितलं तर म्हणाली, "वा. आता पाइप झाले मी." पण हसली.

"बाई काय म्हणाल्या? होईल?"

"शंभरात पस्तीस म्हणाल्या."

"म्हणजे होणार की नाही?"

"म्हणजे शंभरात पस्तीस."

मग ती दुसरंच काही सांगायला लागली. ती घरी शिवणकाम करते, सध्या आईबाप नसलेल्या मुलांच्या बालगृहाचे गणवेश घेतलेत. मुलं मापं द्यायला येतात. त्यातली चार वर्षांची एक पोर मशीनचं चाक धरून बसली ती उठायलाच तयार नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, ते राहू दे गं, पस्तीस कशावरून काढले ते विचारलंस का? ती म्हणाली, नाही विचारलं.

दुपारी काकांना विचारलं, पस्तीस म्हणजे काय धरायचं.

"शंभर जोड असतील तर पस्तीस पास."

"पण माझा एकच आहे."

"मग तो आकडा तुझ्या कामाचा नाही. बाईंच्या कामाचा आहे. त्यांच्याकडे शंभर आहेत."

हा माणूस जगात कुणालाही धीर देणार नाही.

तारीख ८, शनिवार

झालं. सोडला.

सकाळी अकराची वेळ होती. तिला लिटरभर पाणी पिऊन बसायला सांगितलं होतं. मूत्राशय भरलेलं असलं की पोटावरून बघताना गर्भपिशवी नीट दिसते म्हणे. ते मला चटकन कळलं. आम्ही जेल लावतो ते त्याचसाठी, मधे हवा राहिली की काही म्हणता काही दिसत नाही. साडेअकरा झाले, फोन नाही. बारा झाले, नाही. मी परांचीवर चढलो होतो आणि जेलचा डबा माझ्या हातातून खाली फिटरच्या टोपीवर. त्याने वर बघून जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. काकांनी मला खाली उतरवून पाइपांच्या सावलीत बसवलं. "आज तुझ्या हातात काही द्यायचं नाही," म्हणाले.

सव्वाबाराला ताईचा फोन. बाईंना आधीच्या पेशंटमुळे उशीर झाला आणि ही तिथे पाय आवळून बसलेली. "ताई, आता बाळ नको, बाथरूम हवं," असं म्हणाली म्हणे. मग आत नेलं. ताईला उशाशी उभं राहू दिलं. पडद्यावर एक बारीक रेघ हळूहळू पुढे सरकली. बाई म्हणाल्या, "आता अजिबात हलायचं नाही." आणि एक पांढरा ठिपका लख्खकन चमकला. "झालं," म्हणाल्या. मग ती नळी शेजारच्या खोलीत नेऊन पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, गर्भ नळीतच अडकून राहिला नाही ना म्हणून. नव्हता राहिला.

ताई म्हणाली, "मी बघितलं रे. चांदणीसारखं." ताईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

वीस तारखेला रक्ततपासणी. बारा दिवस. मी इथे एका जागी बारा मिनिटं बूड टेकू शकत नाही.

तारीख १०, सोमवार

ताईने त्या पडद्याचा फोटो पाठवला. दवाखान्याने कागदावर छापून दिला होता. मी चहाच्या सुट्टीत उघडला आणि चहा तसाच ठेवला.

एवढा लख्ख ठिपका. आवाज उलटा फिरल्याशिवाय एवढं चमकत नाही. मी आठ महिने दुसरं काय बघतोय?

काकांकडे धावलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला, परत दिला. "हे माणसाचं आहे. मला लोखंडातलं कळतं."

"लोखंडात असतं तर?"

"लोखंडात एवढं चमकलं तर ती हवा. दुसरं काही नाही."

मी तिथूनच बायकोला फोन लावला. काका "अरे, थांब" म्हणाले असतील, मी ऐकलं नाही. ती आडवी पडली होती, आवाजात झोप होती. मी म्हटलं, "त्यांनी आत हवा सोडलीय! तो ठिपका म्हणजे बाळ नाही, हवा आहे. आमच्याकडे असा जोड जागच्या जागी नापास करतात. तू आत्ताच्या आत्ता बाईंना फोन कर."

मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. मग तिने एवढंच विचारलं, "मग मी दोन दिवस कशाशी बोलतेय?"

फोन बंद.

तारीख ११, मंगळवार

सकाळी सातलाच ताई. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुझ्या तोंडाला टाका मारायला तिथे एक वेल्डर मिळत नाही का रे? एवढे पाळलेत ना कंपनीने?"

बायको रात्रभर बसून होती. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दोघी दारात. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भ इतका बारीक असतो की सोनोग्राफीत तो दिसतच नाही. म्हणून नळीत भरताना गर्भाच्या थेंबाच्या आधी आणि नंतर जराशी हवा मुद्दाम घेतात. ती हवा चमकते, आणि ती जिथे चमकली तिथे थेंब पडला असं समजायचं. हवा दोन दिवसांत विरून जाते, तिने काही बिघडत नाही.

म्हणजे मी बरोबर होतो! हवाच होती!

हे मी ताईला बोलून दाखवलं. लिहायला नको, पण दाखवलं खरं. ताई म्हणाली, "हो, बरोबर होतास. जा, बक्षीस घे." आणि फोन ठेवला.

शेऱ्याच्या रकान्यात लिहितो: त्या दोघी जे चांदणीसारखं बघून आल्या ते मी एका फोनमध्ये फोडलं.

तारीख १४, शुक्रवार

माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली. तिचं असू दे म्हणजे असू देणं नव्हे.

मोबाइलवर एक माणूस लक्षणं सांगतो. गर्भ धरला की पाय गार पडतात, तोंडाला धातूची चव येते. मी तिला विचारलं, पाय गार आहेत का. "आहेत. फरशी गार आहे." धातूची चव? "ती तुझ्या तोंडाला येत असेल."

खोलीतला वेल्डर खाटेवरून सगळं ऐकत असतो. म्हणतो, "तू घरी नाहीस म्हणूनच यावेळी जमेल बघ." मी उशी फेकून मारली. पण मनात आलं, खरंच असेल का तसं?

काका मात्र चार दिवस मला कमी रागवतायत. आज म्हणाले, "मी त्या दिवशी लोखंडाचंसुद्धा बोलायला नको होतं." एवढंच. मग प्रोब पुसत बसले.

तारीख १७, सोमवार

आज तिचा आपणहून फोन आला, दुपारचा, जेवणाच्या सुट्टीत. मी हरखून गेलो. आवाज जरा दमल्यासारखा होता, म्हणाली पाठ दुखतेय. ती पोर आजही आली होती. गणवेश घालून बघायला आली आणि घालून तशीच मशीनशेजारी झोपली, तिला न्यायला संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही. "उठवू नकोस," मी म्हटलं, "पण तू कडेवर वगैरे घेऊ नकोस तिला, वजन उचलायचं नाही सांगितलंय." ती म्हणाली, "आता उचललं तरी चालेल."

मग विचारते कशी, "तुमच्याकडे जोड नापास झाला की पुढे काय करतात?"

मला बरं वाटलं. माझ्या कामाचं तिने कधी काही विचारलं नव्हतं. सगळं नीट सांगितलं. ग्राइंडर मारून खराब भाग उकरायचा, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा तपासणी. परत नापास झाला तर आणखी एकदा उकरायचा.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नाही. लोखंडालासुद्धा किती वेळा तापवणार? ते मरतं. मग कापून सरळ भंगारात."

"अच्छा."

मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

आमच्यात ती मला तू म्हणते. तुम्ही म्हणाली की समजायचं, रागावलीय. पण यात रागवण्यासारखं काय होतं? त्या हवेचंच अजून धरून बसली असेल.

तारीख १८, मंगळवार

आज वाईट झालं. आमच्या खोलीतल्या वेल्डरचा एक जोड दोनदा दुरुस्त झाला होता. आज शेवटची तपासणी. काकांनी प्रोब माझ्या हातात दिला. "आज तू बघ."

वेल्डर समोर उभा. हेल्मेट काखेत. मी फिरवत गेलो. रेघ शांत होती. वरचा भाग झाला, बाजू झाली. खाली आलो आणि तिने उडी मारली. मी प्रोब जरा तिरका केला. रेघ खाली बसली. पुन्हा सरळ केला, पुन्हा उडी. माझ्या मनात आलं, तिरकाच ठेवावा.

काका पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आहे," मी म्हटलं.

"मग खूण कर."

लाल खडू. वेल्डर हेल्मेट घालून निघून गेला. संध्याकाळी माझ्याशी बोलला नाही, पण चहा दोन कप आणला.

तारीख २०, गुरुवार

नाही राहिला.

ताईने सांगितलं. रक्तातला आकडा एकच्या आत. म्हणजे काहीच नाही. पस्तीस नाही, पाच नाही, काही नाही. मी विचारलं, ती कुठाय? "झोपलीय. तिला सोमवारीच कळलं होतं. सकाळीच रक्त जायला सुरू झालं. बाईंनी रक्ततपासणीपर्यंत औषधं चालू ठेवायला सांगितलं, म्हणून गप्प राहिली. मला काल सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"मला काय विचारतोस? तिने सोमवारी तुलाच केला होता ना फोन?"

मी पाइपावर बसलो. काकांनी गळ्यातलं यंत्र काढून बाजूला ठेवलं आणि शेजारी बसले. अर्धा तास. सुट्टी झाल्याचा भोंगा झाला तरी बसले होते.

तारीख २१, शुक्रवार

सकाळी त्या नापास जोडाची कापाकापी होती. मला बघवणार नव्हतं, पण खडूची खूण माझी म्हणून जावं लागलं. जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर रेघ मारून कापला. गोल कडं खाली पडलं, माझ्या लाल खुणेसकट. ते भंगारात. अशी कडी मी पूर्वीही भंगारात बघितली होती. पण यावेळी मी तिथेच उभा होतो. फिटरने दोन्ही पाइपांची तोंडं घासून चकचकीत केली आणि माप घ्यायला लागला.

मी विचारलं, "आता हे पाइप कधी उतरवणार?"

"कशाला?"

"फेकायला."

वेल्डर तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. "पाइप काय तुझ्या सासऱ्याचा आहे फेकायला? अरे, जोड नापास झालाय. पाइपाने काय घोडं मारलंय?"

आठ महिने झाले मला इथे. आम्ही तपासतो आणि पुढच्या जोडाकडे जातो, मागे काय होतं ते मी कधी थांबून बघितलंच नाही. आणि सोमवारी तिला काय सांगितलं मी? कापून सरळ भंगारात. सोमवारी. तिचं सकाळीच सुरू झालेलं असताना. तिसऱ्यांदा.

काकांना न विचारता धावत सुटलो. गेटजवळ रेंज मिळते. तिने चौथ्या वेळेला उचलला.

"ऐक," म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं होतं. पाइप फेकत नाहीत. फक्त जोड कापतात."

ती काही म्हणायच्या आत पुढे बोलत सुटलो.

"दोन्ही पाइप आहेत तिथेच राहतात. आत्ता डोळ्यांनी बघून आलो. मी मूर्ख आहे, मला माझंच काम माहीत नाही. एकही पाइप कुणी फेकत नाही, ऐकतेस ना?"

नाक ओढल्याचा आवाज आला. माझंही तेच चाललं होतं. वॉचमन खोलीत गेला आणि खिडकी लावून घेतली, बिचारा.

खूप वेळाने तिने विचारलं, "आणि मधे जागा राहते तिचं काय?"

"तिथे एक छोटा तुकडा बसवतात."

"त्याच पाइपाचा?"

"नाही, दुसऱ्या कुठल्यातरी. त्याचा नंबरही वेगळा असतो. फक्त तोंडं नीट जुळवून घ्यावी लागतात."

"धरतो तो?"

"धरतो की. काम वाढतं म्हणा. एका जोडाच्या जागी दोन जोड, तपासणी दोनदा. पण एकदा वरून रंग मारला की मूळचा कुठला आणि मागून आलेला कुठला, हे काकांनासुद्धा सांगता येत नाही."

तिने मला ते सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मागून मशीनचं चाक नुसतंच फिरल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, तू शिवतेयस का, आराम कर ना. ती म्हणाली, मी नाही फिरवत.

"तुला पाइपांत एवढा रस कधीपासून?"

"तू ये," म्हणाली. "आलास की बोलू."

तू म्हणाली. मी तिथेच गेटला टेकून उभा राहिलो.

तारीख २४, सोमवार

सुट्टी मिळाली. काकांनी स्वतः जाऊन साहेबाशी बोलून मिळवली, आणि मला म्हणाले, "परत नाही आलास तरी चालेल, पण आलास तर तपासायला शिकवीन." उद्या सकाळची गाडी.

परवा तो नवा तुकडा बसला. त्याचे दोन्ही जोड मी पुसले, काकांनी तपासले. रेघ दोन्हीकडे शांत. वेल्डरने मला पाठीत असा रट्टा मारला की जेल सांडलं.

बायकोला विचारलं, येताना काय आणू? मला वाटलं काही नको म्हणेल. तर म्हणाली, "तुम्ही लोक खुणा करता ना पाइपांवर, ते जाड खडू आण. ती पोर माझे कापडावर मारायचे सगळे खडू संपवून बसलीय. घरभर रेघोट्या."

"अगं, तिला लोखंडावरचे खडू काय करायचेत? आणि अजून येते ती? गणवेश झाले ना?"

"झाले. तू आण तर खरं."

काकांना विचारून घेतले. पिवळे दोन आणि पांढरा एक, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलेत. लाल नाही घेतला.